मदत हवी आहे : दम्मामला वारलेल्या भावाला गावी आणायचं आहे, कागदपत्रं आणि खर्च

नमस्कार मंडळी. आम्ही अमळनेर तालुक्यातले. माझे चुलत भाऊ सौदीत दम्मामला एका ठेकेदार कंपनीत वेल्डर होते. कॅम्पात रात्री झोपले ते सकाळी उठलेच नाहीत. हॉस्पिटलनं हृदयविकार सांगितलाय. आम्हाला फोन केला तो त्यांच्या खोलीतल्या सोबत्यानं, कंपनीचा फोन नंतर आला. बॉडी तिथल्या शवागारात आहे.

कंपनीच्या माणसानं व्हॉट्सअ‍ॅपवर अरबी-इंग्रजी कागद पाठवलाय आणि वहिनींची सही घेऊन आजच परत पाठवा म्हणतो. गावातल्या गुरुजींनी वाचला. त्यात तिथेच दफन करायला घरच्यांची हरकत नाही, असंही एक वाक्य आहे. आम्ही सही दिलेली नाही. ज्या एजंटनं त्यांना पाठवलं तो म्हणतो, आणायला अडीच लाख लागतील, अर्धे आधी टाका. भाऊबंद वर्गणी काढायला तयार आहेत, पण हा खर्च आमचा आहे का, हे आधी कळलं पाहिजे.

मोठी माय, म्हणजे भावाची आई, एकच बोलतेय, "माले मना आंडोरनं तोंड दखू द्या" (माझ्या मुलाचं तोंड पाहू द्या). त्यामुळे तिथे माती द्यायचा प्रश्नच नाही. अर्ज कुठे करायचा, अधिकारपत्र कुणाच्या नावानं द्यायचं, आणि मुंबईला उतरल्यावर पुढे काय? वहिनी अंगठा लावतात, त्यानं काही अडेल का? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद (मूळ चोपडा, सध्या रियाध)

भाऊ, आधी दोन गोष्टी करा. तो कागद सही न करता ठेवून द्या आणि एजंटला एक रुपयाही देऊ नका. सौदी कामगार कायद्याच्या ४०व्या कलमात स्पष्ट आहे : कामगार वारला तर मृतदेहाची तयारी आणि तो जिथून भरती केला तिथपर्यंत पोचवण्याचा खर्च मालकाचा. घरच्यांनी तिथेच दफनाला संमती दिली तर मात्र मालक सुटतो. तुमच्याकडून ती सही का हवी आहे, हे यावरून समजून घ्या. कंपनीनं हात वरच केले तर दूतावासाकडे भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, २००९ पासून. घरची परिस्थिती बघून त्यातून खर्च होतो.

दम्माम रियाधच्या दूतावासाकडे येतं, जेद्दाच्या वाणिज्य दूतावासाकडे नाही. त्यांच्या संकेतस्थळावर मृत्यूच्या प्रकरणांसाठी अधिकारपत्राचा नमुना आहे, तोच भरा. अंगठा चालतो, फक्त नोटरीसमोर लावा. कंपनीच्या प्रतिनिधीला किंवा दम्मामच्या ओळखीच्या माणसाला अधिकार देता येतो, पण तो फक्त मृतदेह पाठवण्यापुरता. थकलेला पगार, हिशेबाचे पैसे घेण्याचा किंवा "सगळं मिळालं" असं लिहून देण्याचा अधिकार त्यात येऊ देऊ नका. अशा वेळी घरचे दुःखात असतात, घाईत सरसकट अधिकार लिहून देतात आणि मग वर्षानुवर्षांच्या नोकरीचे पैसे मागायला तोंड उरत नाही. नोकरी संपताना पहिल्या ५ वर्षांसाठी दर वर्षाला अर्ध्या महिन्याचा आणि त्यापुढच्या दर वर्षाला एका महिन्याचा पगार मिळायला हवा. तो वारसांचा आहे. दूतावासामार्फत घेतलात तर रक्कम जिल्हाधिकाऱ्यांकडे येते आणि वारसांची कागदपत्रं तपासून वाटली जाते.

इकामा (तिथला राहण्याचा परवाना) चालू होता का? संपलेला असेल किंवा कंपनीनं पळून गेल्याची नोंद केली असेल तर वेळ वाढतो. एरवी पोलिसांचा कागद, मृत्यूचा दाखला, दूतावासाचं ना हरकत, पासपोर्ट खात्याचा शेवटचा एक्झिट (देश सोडण्याची परवानगी), मग एम्बाल्मिंग (मृतदेह टिकावा म्हणून औषध भरणं) आणि विमान, असा क्रम असतो. हे दोन-चार दिवसांत होत नाही, घरच्यांना तसं सांगून ठेवा.

प्रतिसाद (भुसावळ)

परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर आजच तक्रार नोंदवा आणि क्रमांक जपून ठेवा. १८००-११-३०९० हा प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा मोफत नंबर आहे. जिल्हाधिकारी कार्यालयातही अर्ज द्या. २०२४ मध्ये रशियात व्होल्खोव्ह नदीत आपल्याकडची पोरं बुडाली, तेव्हा जळगावचं कार्यालय दूतावासाशी सतत बोलत होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नेपाळात मर्स्यांगदीत बस पडली, वरणगाव-भुसावळकडची माणसं हवाई दलाच्या विमानानं आली. एकट्या माणसासाठी तसं विमान येत नाही, पण पाठपुरावा कार्यालयाला करता येतो.

धागाकर्ता

खूप आभार. इकामा चालू आहे, सोबत्यानं फोटो पाठवला. मदद पोर्टलवर नोंद केली. भाऊ नववी शिकलेले, पासपोर्टवर ईसीआर (कामाला परदेशी जाताना सरकारी मंजुरी लागते) असा शिक्का होता. प्रवासी भारतीय बिमा योजनेचे १० लाख मिळतात असं एक जण म्हणाला. खरं का?

प्रतिसाद (मूळ चोपडा, सध्या रियाध)

तो विमा अपघाती मृत्यूसाठी आहे. झोपेत हृदयविकारानं गेले तर त्यावर आशा ठेवू नका. तरी पॉलिसीचा कागद शोधा आणि दूतावासाला दाखवा. एजंट नोंदणीकृत असेल तर ई-मायग्रेटवर (परदेशी कामाला जाणाऱ्यांचं सरकारी पोर्टल) कराराची नोंद असेल. त्याची प्रत मागा, हिशेबाला लागेल.

प्रतिसाद (शिरपूर)

माझ्या सासऱ्यांना मस्कतहून आणलं होतं, म्हणून मुंबईपासूनचं सांगतो. प्रवाशांच्या गेटवर जाऊ नका, सहारच्या कार्गोत जायचं असतं. विमान सुटण्याआधी ई-केअर या सरकारी पोर्टलवर (परदेशातून येणाऱ्या मृतदेहांच्या मंजुरीसाठी) मृत्यूचा दाखला, एम्बाल्मिंगचा दाखला, दूतावासाचं ना हरकत आणि रद्द केलेल्या पासपोर्टची प्रत चढली आहे ना, हे पाठवणाऱ्याला विचारा. त्यावर विमानतळाचे आरोग्य अधिकारी मंजुरी देतात. एअर वे बिलावर (विमानानं पाठवलेल्या मालाची पावती) घेणारा म्हणून ज्याचं नाव, त्यानंच आधार घेऊन हजर राहायचं. तेव्हा नाव ठरवतानाच धडधाकट माणसाचं द्या, वहिनींचं नको.

अ‍ॅम्ब्युलन्स आपल्याकडून न्या, नाशिक-मालेगाव-धुळे मार्गे. सोबत पाना-पक्कड ठेवा, पेटी खिळ्यांनी पक्की ठोकलेली असते. मोठ्या मायला दाखवण्याआधी घरातल्या एका खंबीर माणसानं पेटी उघडून चेहरा पाहावा, पुसून घ्यावा. औषधानं रंग बदललेला असतो.

आणि भाऊबंदांत चूल पेटली नसेल तर वडीलधाऱ्यांना सांगून पेटवा. वाट किती पाहावी लागेल ते ठरलेलं नाही. म्हातारं माणूस आणि लेकरं उपाशी ठेवू नका.

धागाकर्ता

चूल आज सकाळी पेटवली, आबांनीच सांगितलं. उद्या नोटरीकडे जातोय. कंपनीला कळवलंय की दूतावासाच्या नमुन्यातलंच अधिकारपत्र देऊ. रियाधच्या दादा, पाठवण्याआधी मसुदा एकदा वाचाल का?

प्रतिसाद (मूळ चोपडा, सध्या रियाध)

व्यक्तिगत निरोपात टाका. आधार आणि पासपोर्टचे आकडे झाकून. रात्री ड्युटी सुटली की वाचतो.