लैंगिक गुन्ह्यांत वकिलांनी आपसात शिक्षा ठरवावी का?

तिन्हीसांज:
अमेरिकेत बहुतेक फौजदारी प्रकरणं सुनावणीपर्यंत जातच नाहीत. सरकारी वकील आणि आरोपीचा वकील बोलून ठरवतात: हा आरोप कबूल करा, तो आम्ही मागे घेतो. हेच प्ली बार्गेनिंग. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये नोंदवलं की केंद्रीय न्यायालयांतल्या ९७ टक्के आणि राज्यांतल्या ९४ टक्के दोषसिद्धी आरोपीच्या कबुलीतून येतात. चोरीमारीत चालेल. बलात्कार आणि मुलांवरचे अत्याचार यांत हा व्यवहार बंदच करावा, असं माझं मत आहे.

जेफ्री एपस्टीनचं प्रकरण बघा, अल्पवयीन मुलींवर अत्याचार करणारा अमेरिकी धनाढ्य. २००७ मध्ये केंद्रीय सरकारी वकिलांनी त्याच्याशी केंद्रीय खटला न चालवण्याचा करार केला आणि मुलींना अंधारात ठेवलं. २००८ मध्ये त्यानं फ्लोरिडात दोन गुन्हे कबूल केले, दोन्ही वेश्याव्यवसायाच्या कलमांखालचे. अत्याचार झालेल्या शाळकरी मुलीला सरकारी कागदानं काय ठरवलं, याचा विचार करा! शिक्षा १८ महिने, सुटका साधारण १३ महिन्यांत, आणि त्यातही दिवसा ऑफिसात जायची मुभा.

रानवाट:
राग पटतो, बंदी पटत नाही. मी तिकडच्या एका न्यायालयात दुभाषी होते. एका बाईंची उलटतपासणी दीड दिवस चालली. खोलीचं दार आत उघडतं की बाहेर, हे चार वेळा विचारलं. तिसऱ्यांदा त्या चुकल्या आणि वकिलानं तेवढंच धरून ठेवलं. दुभाष्याला साक्षीदाराचं बोलणं 'मी' म्हणूनच सांगावं लागतं. 'त्यानं माझं तोंड दाबलं' हे मी माझ्या तोंडानं, भरल्या कोर्टात बोलले आहे. रात्री जेवण गेलं नाही. मग त्या बाईंचं काय झालं असेल?

आरोपी सुटला. त्याआधी त्याचा वकील आठ वर्षांच्या शिक्षेवर कबुलीला तयार होता, सरकारी पक्षानं नाही म्हटलं होतं.

आणि लॅरी नासरचं, मुलींवर अत्याचार करणाऱ्या अमेरिकी जिम्नॅस्टिक्स संघाच्या डॉक्टरचं, प्रकरण का विसरता? त्यानं २०१७ च्या नोव्हेंबरात मिशिगनमधल्या एका काउंटीत सात आरोप कबूल केले ते करारानंच. आरोप सात, पण इतर मुलींनाही बोलू द्यायचं, असं करारात ठरलं होतं. जानेवारी २०१८ मध्ये १५६ जणी बोलल्या. एकीलाही उलटतपासणी नाही. शिक्षा ४० ते १७५ वर्षं.

कलमदान:
भारतीय कायद्यानं हे दार उघडलंच नाही. २००६ पासून आपल्याकडे प्ली बार्गेनिंग आहे, पण स्त्रियांविरुद्धचे गुन्हे आणि सात वर्षांहून जास्त शिक्षेचे गुन्हे त्यातून वगळले आहेत. मला हेच योग्य वाटतं.

रानवाट:
दार बंद, खिडकी सताड उघडी. बलात्काराच्या खटल्यात तडजोड झाली म्हणून शिक्षा कमी करता येणार नाही, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाला २०१३ मध्ये बजावून सांगावं लागलं. का लागलं? सौदे होतच होते, कोर्टाबाहेर, कुटुंबावर दबाव टाकून. तिथे ना न्यायाधीश, ना नोंद.

तिन्हीसांज:
तुमच्या त्या दीड दिवसावर माझ्याकडे उत्तर नाही, खरंच. बंदीचा हट्ट सोडते. पण दोन अटी तरी हव्यातच. कबुलीत गुन्ह्याचं खरं नाव राहावं. आणि सही होण्याआधी पीडितेला सगळं सांगावं, आरोपपत्र दाखल होण्याआधीचा करार असला तरी. एपस्टीन प्रकरणी २०१९ मध्ये एका न्यायाधीशांनी मुलींचा हक्क डावलला गेल्याचं म्हटलं, पण २०२१ मध्ये वरच्या न्यायालयानं ठरवलं की केंद्रीय खटला दाखलच झाला नव्हता, म्हणून पीडितांच्या हक्कांच्या कायद्याखाली त्यांना स्वतंत्र दावा लावता येत नाही. म्हणजे जितक्या लवकर सौदा, तितकी ती मुलगी बाहेर.

कलमदान:
मग पुढे जाऊन तिच्या संमतीशिवाय करारच होऊ नये, असं का नको?

रानवाट:
अटी दोन्ही मान्य. संमतीची सक्ती नको. सही तिच्या हातात दिली, की आरोपीचे नातेवाईक दुसऱ्या दिवशी तिच्याच दारात येऊन बसतील.