मदत हवी आहे : फ्लूनंतर भावाचं हृदय कमजोर झालंय, गोळ्या कधीपर्यंत, शेतीकाम कधीपासून?

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावाबद्दल विचारायचंय. वय 36, निलंगा तालुक्यात कोरडवाहू शेती. बीपी नाही, शुगर नाही, तंबाखूला हात लावत नाही. पावसाळ्यात त्याला इन्फ्लुएंझा झाला. ताप-खोकला आठवड्यात गेला, दम मात्र जाईना. बांधापर्यंत चाललं की टेकायचा. रात्री आडवं झालं की धाप लागायची, मग भिंतीला पाठ लावून बसायचा. गावात 'अशक्तपणा आहे' म्हणून सलाईन लावत राहिले. हृदय थकलेलं असताना वरून पाणी चढवणं उलट घातक, हे आम्हाला नंतर कळलं. पाय सुजले तेव्हा लातूरला आणलं. ईसीजी बिघडलेला, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढतं ते) वाढलेलं, टूडी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ईएफ, म्हणजे दर ठोक्याला हृदय त्यातलं किती रक्त बाहेर ढकलतं ते, 30 टक्के. अँजिओग्राफीत ब्लॉकेज नाही. निदान झालं व्हायरल मायोकार्डायटिस, म्हणजे विषाणूच्या संसर्गातून हृदयाच्या स्नायूला आलेली सूज.

आता तिसरा महिना चालू आहे. ईएफ 45 वर आलंय. गोळ्या : रॅमिप्रिल, मेटोप्रोलॉल, स्पायरोनोलॅक्टोन, डॅपाग्लिफ्लोझिन. शेवटच्या गोळीवरून घरात भांडण. मेडिकलवाला म्हणाला ही शुगरची आहे. डॉक्टर म्हणाले, कमजोर हृदयालाही देतात, शुगर असो-नसो.

भाऊ म्हणतो, "अक्का, चांगला हिंडायलोय की मी, आता कशाला गोळ्या?" तुरीची रास तोंडावर आहे, पोती उचलायला त्याचे हात शिवशिवतायत. ओपीडीत इतकी गर्दी असते की तोंड उघडेपर्यंत पुढचा नंबर पुकारतात. म्हणून इथे विचारते. गोळ्या थांबवता येतात का? अंगमेहनत कधी? आणि हृदयाचा एमआरआय करा असं एकाने सुचवलंय, आता बरा होत असताना त्याचा उपयोग काय?

मांजराकाठ :
ताई, मी फिजिशियन आहे. पेशंट न पाहता औषध बदलायला सांगणार नाही, पण तीन गोष्टी स्पष्ट सांगतो.

गोळ्या स्वतःहून अजिबात बंद करू नका. बरं वाटतंय ते गोळ्यांच्या जोरावर. ब्रिटनमध्ये ट्रेड-एचएफ नावाचा अभ्यास झाला, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. हृदय मोठं होऊन कमजोर झालेले आणि औषधांनी ईएफ पुन्हा नॉर्मल झालेले 51 पेशंट होते. ज्यांची औषधं हळूहळू काढली त्यांच्यापैकी 44 टक्क्यांचा आजार सहा महिन्यांत उलटला, ज्यांची चालू ठेवली त्यांच्यात एकाचाही नाही. त्यांचं निदान तुमच्या भावाच्या निदानापेक्षा वेगळं, अभ्यासही छोटा. पण तुमच्या भावाचं ईएफ तर अजून नॉर्मलही नाही.

मेहनतीचं : मायोकार्डायटिसनंतर खेळाडूंनाही साधारण 3 ते 6 महिने जोराच्या व्यायामापासून लांब ठेवण्याची पद्धत आहे. सपाटीवर चालणं चालेल. क्विंटलभराचं पोतं यंदा नाहीच. मोकळीक देण्याआधी इको, 24 तासांचं होल्टर (अंगावर लावून दिवसभराचे ठोके नोंदवणारं यंत्र) आणि डॉक्टर म्हणाले तर ट्रेडमिल.

एमआरआयचं : इको हृदय किती जोराने आकुंचन पावतंय ते दाखवतं, स्नायूत व्रण राहिलाय का ते एमआरआय दाखवतो. ईएफ सुधारलं तरी व्रण मागे राहू शकतो, आणि त्यातून ठोके अनियमित होण्याचा धोका असतो. त्यामुळे चक्कर, बेशुद्धी किंवा एकदम धडधड झाली असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. डाय टोचतात, म्हणून क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासून जा. प्रत्येक सेंटरवर हृदयाचा एमआरआय होत नाही, फोन करून विचारूनच निघा.

तुरीचं वरण :
मला 2021 च्या दुसऱ्या लाटेत कोरोनानंतर असंच झालं होतं, मी परभणीची. डॉक्टरांनी सांगितलं नाही ते मी सांगते. मीठ कमी करा म्हटल्यावर आमच्याकडे 'लो सोडियम' मिठाचा पुडा आला. त्यात पोटॅशियम असतं. रॅमिप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन दोन्हींनी पोटॅशियम आधीच वाढतं, रक्ताच्या तपासणीत माझं चढलेलं निघालं. साधंच मीठ, पण थोडं. लोणचं-पापड बंद.

दुसरं, अंग दुखलं की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणायची सवय मोडा. त्याने अंगात पाणी साठतं, किडनीलाही ताण. आणि रोज सकाळी वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणी असतं, पायाची सूज दिसायची वाट बघू नका.

मांजराकाठ :
मिठाचं अगदी बरोबर. पोटॅशियम-क्रिएटिनिन ठरावीक काळाने तपासत राहा. फ्लूची लस दरवर्षी घ्यायची का, हेही या भेटीत विचारून घ्या.

धागाकर्ती :
दोघांचेही आभार. ते 44 टक्के भावाला वाचून दाखवले, गोळ्यांवर गप्प बसला. पोत्यांसाठी चुलतभावाला सांगितलंय. आमच्याकडेही तोच मिठाचा पुडा आहे, आजच काढते. धडधड झाल्याचं तो आता कबूल करतोय, मळणीयंत्राजवळ उभा असताना एकदा डोळ्यांपुढे अंधारी आली होती म्हणे. उद्याच घेऊन जाते. लातूर किंवा सोलापुरात हृदयाचा एमआरआय कोणी केला असेल तर खर्च किती आला, तेवढं कळवा.