मदत हवी आहे: सातवीच्या मुलांसाठी शाळेच्या आवारात जिओकॅशिंग

खडूफळा

नमस्कार मंडळी. भूगोलात अक्षांश-रेखांश शिकवून झालेत, आता जिओकॅशिंगमधून, म्हणजे दिलेल्या अक्षांश-रेखांशांवरून लपवलेले डबे फोननं शोधायच्या खेळातून, मुलांना ते मैदानात वापरायला लावायचे आहेत. मुलं ४०, अँड्रॉइड फोन १०, त्यातल्या चारच फोनमध्ये सिम. मैदान आणि त्याला लागून झाडांचा पट्टा मिळून साधारण २०० बाय १२० मीटर जागा. दोन जोडतासिका, म्हणजे ८० मिनिटं. अडलंय ते असं:

१. एकाच जागी उभं राहून दोन फोन वेगवेगळे आकडे दाखवतात. खरा कोणता मानायचा?
२. डबे किती ठेवायचे, किती अंतरावर?
३. एका गटाला डबा सापडला की बाकीचे तिकडेच धावतात. यावर उपाय?
४. एका जागेचा अक्षांश कागदावर २०° ३०.४९८' असा आहे. अ‍ॅपमध्ये २०.३०४९८ भरला तर बिंदू वीसेक किलोमीटर लांब पडतो.
५. नुसता खजिनाशोध होऊ नये, अभ्यासही व्हावा. प्रश्न कसे घालू?

उपग्रहवेडा

आधी चौथा प्रश्न, कारण तो सुटल्याशिवाय बाकीचं जमणार नाही. कागदावर अंश आणि मिनिटं आहेत, अ‍ॅपला नुसते अंश हवे आहेत. ३०.४९८ ला ६० ने भागा, ०.५०८३ येतात. म्हणजे भरायचे २०.५०८३. तुमच्या आकड्यात ०.२०३३ अंशांची तूट आहे आणि अक्षांशाचा एक अंश साधारण १११ किमीचा, म्हणून बिंदू साडेबावीस किमी दक्षिणेला गेला. जिओकॅशिंगवाले अंश आणि दशांश मिनिटं लिहितात, नकाशाची अ‍ॅप्स बहुधा दशांश अंश दाखवतात. दोन्हींपैकी एक ठरवा आणि मुलांच्या कार्डापासून फोनच्या सेटिंगपर्यंत सगळीकडे तीच पद्धत ठेवा. दशांश अंशात पाचवं स्थळ म्हणजे सुमारे एक मीटर. फोन सात-आठ स्थळं दाखवतो, पण पाचच्या पुढचं उतरवून घेण्यात काही हशील नाही.

आता पहिला. खरा कोणताच नाही! मोकळ्या आभाळाखाली चांगला फोनही ३ ते ५ मीटर चुकतो. दाट झाडाखाली किंवा इमारतीच्या भिंतीलगत चूक १०-१५ मीटरवर जाते, कारण उपग्रहाकडून येणाऱ्या रेडिओ लहरी भिंतीवर आपटून उशिरा पोचतात आणि फोनला उपग्रह आहे त्यापेक्षा लांब वाटतो. म्हणून डबा ठेवणाऱ्यानं घाई करू नये. जागेवर दोन-तीन मिनिटं फोन स्थिर धरून आकडा घ्या, तासाभरानं पुन्हा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. मधल्या वेळात उपग्रह हललेले असतात, म्हणून चुकाही वेगळ्या येतात. एखादा आकडा बाकीच्यांपासून फारच फटकून असेल तर तो सोडा आणि उरलेल्यांची सरासरी काढा. मग ५० मीटर लांब जाऊन दुसऱ्या फोननं त्या आकड्यावर चालत या. वेगवेगळ्या दिशांनी येऊनही दहा मीटरच्या आत पोचलात तर जागा पक्की.

घरी बसून उपग्रह-चित्रावर बोट ठेवून आकडे घेऊ नका. ते चित्रच काही मीटर सरकलेलं असू शकतं.

सिम नसलेले फोन चालतात. जीपीएस फक्त ऐकतं, त्याला इंटरनेट लागत नाही. मात्र नेट असलं की उपग्रहांची माहिती पटकन मिळते, नसलं तर पहिल्यांदा जागा लागायला काही मिनिटं जातात. म्हणून तासाआधी सगळे फोन मैदानाच्या मध्यभागी सुरू करून ठेवा. ऑसमँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स या नेटशिवाय चालणाऱ्या नकाशाच्या अ‍ॅपमध्ये नकाशा आधीच वायफायवर उतरवा, सगळे बिंदू एका जीपीएक्स फाइलमध्ये (अशी अ‍ॅप्स वाचतात ती बिंदूंची यादी) घालून प्रत्येक फोनवर टाका. बॅटरी बचत बंद ठेवा, नाहीतर स्क्रीन मालवली की ठिकाण अडकून बसतं. लोहचुंबकाची चकती असलेलं कव्हर काढून ठेवा, त्यानं होकायंत्राची दिशा हमखास बिघडते.

झटपट

एवढा खटाटोप कशाला? सरळ जिओकॅशिंगच्या साइटवर नोंदवा, तयार अ‍ॅप मिळतं.

पेन्सिलवाली

झटपट, शाळेच्या आवाराचा पत्ता सार्वजनिक यादीत टाकला की कुणीही अनोळखी माणूस शोधायला येऊ शकतो. आणि तिथे दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर लागतं, यांच्या जागेत एखाद-दुसराच बसेल. खाजगी फाइल उत्तम.

खडूफळा, १० गट आणि १० डबे ठेवा. दोन डब्यांत ३०-४० मीटर हवेत. त्याहून जवळ ठेवले तर फोनच्या चुकीची वर्तुळं एकमेकांत जातात आणि पाचव्याच्या शोधात मुलं सहावा उघडून बसतात.

डबा पारदर्शक, चारही बाजूंनी क्लिप आणि झाकणाला रबरी कड असलेला, २००-३०० मिलीचा. फिल्म रोलच्या डबीएवढी डबी वर्गासाठी नको. कागद गुंडाळून आत घालताना चुरगळतो, दहाव्या गटापर्यंत फाटतो. आत झिप पिशवीत नोंदीचा कागद आणि पेन्सिल. पेन नको, ओलाव्यानं शाई फुटते. खाऊ अजिबात नको, मुंग्या आणि उंदीर मुलांच्या आधी पोचतात. बाहेर ठळक लिहा: 'शाळेचा उपक्रम, हलवू नये', आणि क्रमांक. पहारेकरी आणि सफाई करणाऱ्यांना आदल्या दिवशी यादी द्या. डबे गायब होण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे कुणीतरी इमानेइतबारे केलेली झाडलोट.

लपवायची जागा गुडघा ते खांदा या उंचीत. खणणं, खिळा ठोकणं, भिंतीवर चढणं यातलं काही लागता कामा नये. न दिसणाऱ्या बिळात किंवा ढोलीत हात घालावा लागेल अशी जागा तर बादच; आधी काठी, मग नजर, मग हात. शेवटच्या दहा मीटरसाठी सूचना नेमकी लिहा: 'तीन फाटे फुटलेलं झाड, सूर्य उगवतो ती बाजू'. तिथे पोचल्यावर फोन खिशात जायला हवा. बाण गरगर फिरतोय म्हणून मुलंही गोल फिरत राहतात. प्रत्येक डबा जागेवर असतानाचा फोटो मात्र काढून ठेवा. उत्साही गट तो 'अजून भारी' लपवतात आणि पुढच्यांचा बोऱ्या वाजतो.

गणितमास्तर

तिसऱ्या प्रश्नाचं. सगळ्यांना १, २, ३ असं पाठवलंत की शेजारचा डबा शोधणारे जाता-येता दिसतच राहतात. गट आपल्याच क्रमांकाच्या डब्यापासून सुरू करेल आणि दर वेळी ३ पुढे जाईल: १, ४, ७, १०, ३, ६, ९, २, ५, ८. दहा आणि तीनला सामाईक विभाजक नाही, म्हणून कुठलाही डबा दोनदा येत नाही. दोननं किंवा चारनं उडी मारली तर पाच डब्यांतच फिरत बसतील. फेरी ७ मिनिटांची. सहाव्या मिनिटाला पहिली शिट्टी, की डबा जागेवर ठेवून पंधरा पावलं लांब. सातव्याला दुसरी, की सगळे एकदम निघाले. मागून येणाऱ्यांना कोणी डब्यापाशी दिसत नाही.

वेळ: सूचनांना १५ मिनिटं, सात फेऱ्यांची ४९, उरलेली १६ वर्गात. दहाही डबे झालेच पाहिजेत हा हट्ट नको. गटात चौघं: फोन, होकायंत्र, नोंद, शोध. दर डब्याला कामं बदला, नाहीतर फोन एकाच हातात राहतो.

अभ्यासाचं म्हणाल तर डब्यातल्या प्रश्नांच्या उत्तरांतून शेवटच्या डब्याचे आकडे तयार होऊ द्या. इथे एक खाच आहे. मोजमापाची उत्तरं वापरू नका. झाडाचा घेर एक गट १४२ सेमी सांगतो, दुसरा १४५, आणि दुसरा गट भलतीकडे जातो. मोजून एकच येणारी उत्तरं घ्या: पायऱ्या, खिडक्या, कोनशिलेवरच्या सालातला शेवटचा अंक. 'सगळ्या अंकांची बेरीज २७ यायला हवी' अशी एक ओळ कार्डावर द्या, चुकलेला गट तिथेच थांबून पुन्हा मोजेल. घेर आणि सावलीवरून उंची वहीत जरूर घ्या, पण वाट त्यावर ठरवू नका.

'इथून ४० मीटर, ११० अंशांवर' असा एक टप्पाही घाला. होकायंत्र ५ अंश चुकलं तर ४० मीटरवर साडेतीन मीटर चूक होते. १०० मीटरचा टप्पा दिलात तर चूक पावणेनऊ मीटर.

आणि तुमचा पहिला प्रश्नच उत्तम धडा आहे. दहाही फोन एका बिंदूवर आणून आकडे घ्या आणि आलेखाच्या कागदावर एक चौकोन एक मीटर धरून मांडा. कसे विखुरलेत ते मुलांना डोळ्यांनी दिसेल, सरासरीही त्यातूनच काढता येईल.

उपग्रहवेडा

त्याला जोडून सांगण्यासारखं: नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक अमेरिकेनं मे २००० च्या सुरुवातीला बंद केली. तोवर आकडे १०० मीटरपर्यंत चुकायचे. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी ओरेगनमध्ये पहिला डबा लपवला. आधी का नाही लपवला, हे मुलांनाच विचारा. आलेखाच्या कागदावर शंभर चौकोन मोजले की कळतं.

खडूफळा

सगळ्यांचे आभार, बरंच मोकळं झालं. एकच राहिलं: झाडांच्या पट्ट्याची एक बाजू रस्त्याला लागून आहे. तिथे डबा ठेवू का?

पेन्सिलवाली

नको. फोनची दहा-पंधरा मीटर चूक धरा, तेवढं अंतर कुंपणापासून आत राहू द्या, नाहीतर बाण मुलांना रस्त्यावर नेईल. पट्ट्यात दाट सावली असेल तर वीस मीटर. हद्दीच्या कोपऱ्यांवर एकेक मोठं माणूस उभं करा आणि त्याच्याकडेही शिट्टी द्या. तास संपला की क्रमांकानं डबे मोजून त्याच दिवशी गोळा करा, ओले कागद वाळवून आत परत घाला.