मदत हवी आहे: नोस्क्रिप्ट लावलं की ओटीपीचं पानच उघडत नाही

क्रोमने मॅनिफेस्ट व्ही३ (एक्स्टेन्शनसाठीची नवी नियमावली) आणलं आणि माझं यूब्लॉक ओरिजिन (जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन) बंद पडलं, म्हणून फायरफॉक्सवर आलो. हौसेने नोस्क्रिप्टही टाकलं (आपण परवानगी देईपर्यंत हे पानातल्या स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्रॅम, चालू देत नाही). पण काल वीजबिल भरताना कार्डाचा नंबर दिला आणि पुढचं पान पांढरं फटक! ओटीपी मोबाइलवर आला, तो टाकायला चौकटच नाही. नोस्क्रिप्टच्या यादीत ११ डोमेन (साइटचे पत्ते). बँकेचं कुठलं, पाळत ठेवणारं कुठलं, कळेना. वैतागून सगळ्यांना तात्पुरती परवानगी दिली (मग लावलंच कशाला म्हणा!), तर पान रीलोड होऊन व्यवहारच रद्द.

जाणकारांनो, पैसे भरायला फायरफॉक्सचं वेगळं प्रोफाइल ठेवता, की नुसत्या यूब्लॉकवर भागवता? आईच्या लॅपटॉपवरही काहीतरी टाकायचंय, तिला हे परवानग्यांचं झेंगट नको.