योगानं वजन उतरलं का? नसेल, तर काय मिळालं?

योगवर्गात नाव घालताना बहुतेकांच्या डोक्यात वजन असतं. काटा हलत नाही म्हटल्यावर चटई गुंडाळून ठेवली जाते. तुमचं काय झालं? जसं असेल तसं लिहा. 'योगानं सगळं बरं होतं' आणि 'योग म्हणजे नुसता टाइमपास' ही दोन टोकं तेवढी नकोत.

●

आधी हिशेब मांडते. स्वस्थ बसलेल्या शरीराला लागणारी ऊर्जा म्हणजे १ मेट. संथ हठयोगाला साधारण २.५, झपाझप चालायला ४ च्या वर, ताशी ८ किलोमीटरनं पळायला ८ च्या आसपास. मेट गुणिले किलो गुणिले तास केलं की ढोबळ कॅलरी मिळतात. ६० किलोच्या बाईच्या तासभर आसनांना १५० कॅलरी. त्यातल्या ६० तर नुसत्या बसूनही गेल्याच असत्या! उरल्या ९०. माझं मनगटावरचं घड्याळ फार उदार आहे, त्याचा आकडा मी आता बघतच नाही.

●

ताईंचा हिशेब मान्य, पण सगळा योग संथ नसतो. न थांबता सूर्यनमस्कार घातले की धाप लागतेच. तापवलेल्या खोलीतल्या योगाचं मात्र हसू येतं. वर्ग सुटल्यावर वजन कमी भरतं ते घामाचं, पाणी प्यायलं की जिथल्या तिथं.

●

माझं दुखणं कमरेचं. दिवसभर खुर्चीत. मोजा घालायचा तर आधी पलंगावर बसायचं, पाय हातानं उचलून मांडीवर घ्यायचा आणि मग दोन मिनिटं दम खायचा. बाईंनी सुरुवातीला पश्चिमोत्तानासनाला, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकायला, हातच लावू दिला नाही. मार्जारासन, भुजंगासन अर्ध्यावर, आणि श्वास सोडत पाठ गोल करायची. कंटाळलो होतो, खोटं कशाला बोलू. पण हळूहळू मोजा उभ्यानं चढायला लागला. वजन? तेवढंच आहे. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेनं २०१७ साली जुनाट कंबरदुखीसाठी औषधांआधी करून बघायच्या उपायांत योगही धरला, हे मला नंतर कळलं. डॉक्टरांनी आधी तपासून 'गंभीर काही नाही' म्हटलं होतं, हेही सांगून ठेवतो.

●

मला झोप मिळाली. रात्री अंथरुणावर पडलं की दिवसभराची भांडणं पुन्हा सुरू व्हायची, आणि प्रत्येक वेळी मीच जिंकायचे! श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा, एवढंच करते. नाडी मंदावते, खांदे खाली येतात. रक्तदाबही थोडा उतरलाय, पण गोळी चालूच आहे आणि ती परस्पर बंद करायची नाही अशी डॉक्टरांची ताकीद आहे.

●

सत्तरी ओलांडलेल्या माणसानं कॅलरी मोजून करायचंय काय? मी भिंतीजवळ एका पायावर उभा राहून वृक्षासन करतो, एक बोट भिंतीला. पडलो नाही म्हणजे मिळवलं. पासष्टीपुढच्यांनी आठवड्यातून तीन दिवस तरी तोल आणि ताकदीचे व्यायाम करावेत, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. ठिसूळ हाडं असलेल्यांनी कमरेतून खोल वाकायच्या भानगडीत पडू नये.

●

काचबिंदू असलेल्यांसाठी एक भर: शीर्षासनात डोळ्यांतला दाब चांगलाच वाढतो. हे कळल्यापासून माझं शीर्षासन बंद आहे. शिकवणाऱ्यांना आपण होऊन सांगा, ते विचारतीलच असं नाही.

●

माझं वजन उतरलं बरं का! श्रेय आसनांना किती द्यावं, कळत नाही. जेवताना 'आता पुरे' हे वेळेवर कळायला लागलं आणि जोडीला चालणं होतंच. आठवड्याला दीडशे मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगतात, तो मी चालूनच भरून काढते.

●

मला नाही जमलं. शवासनात घोरायचो, शेजारचे वैतागायचे. आता पोहतो.