दिवाळीनंतर कोकण किनाऱ्याने गाडी काढायची आहे, 'रंग' दिसतील असा रस्ता सुचवा

अळूवडी

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून पाच-सहा दिवस कोकणात जायचं ठरतंय. माणसं सहा: आम्ही दोघं, सासू-सासरे (दोघंही सत्तरीपुढचे, सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात), बारा वर्षांची लेक आणि बॉस्टनहून आलेला धाकटा दीर. गाडी सात सीटची, चालवणारे दोघे.

दीर नुकताच व्हर्माँटला 'फॉल कलर्स' बघून आलाय. लाल-केशरी मेपलचे फोटो आल्यागेल्याला दाखवून झाले. सासरे मूळचे राजापूरकडचे. ते ऐकून ऐकून एकदा म्हणाले, "आमच्या कोकणात काय रंग कमी असतात?" म्हणून हा घाट.

बनाना राइड, पॅरासेलिंग, गर्दीचा किनारा यातलं काही नको. रस्ताच बघण्यासारखा हवा, जागोजागी थांबता यायला हवं. लेकीला जंगलजेटीतून (गाड्या खाडीपार नेणारी बोट) गाडी न्यायची आहे. दिवेआगर, गणपतीपुळे झालंय. राहायला घरगुती चालेल, पण कमोड हवाच. आणि खरंच काही रंग असतात का त्या दिवसांत, की सासऱ्यांचं माहेरप्रेम (सासरप्रेम म्हणू का?) बोलत होतं?

बांगडाफ्राय

पानां बघूक कोण कोकणात येता? लोकां मासे खावक येतत!

बरं, आता नीट सांगतो. भाऊबीजेनंतरचे चार दिवस टाळा. मालवण-तारकर्लीला तेव्हा मुंगीला शिरायला जागा नसते आणि खोल्यांचे भाव विचारू नका. तुम्ही देवगडच्या खाली येऊच नका म्हणेन, आणि हे मी स्वतः मालवणचा असून सांगतोय. तुम्हाला हवा तो निवांत रस्ता देवगड ते गुहागर या पट्ट्यात आहे.

सड्यावरचा

अळूवडी, सासऱ्यांचं खरं आहे, फक्त रंग झाडांच्या डोक्यावर शोधू नका. दिवाळीच्या सुमारास कोकणातला मोठा रंग पायाखाली असतो.

रत्नागिरी, राजापूर, देवगड या बाजूला किनाऱ्याच्या वर जांभ्याचे सडे, म्हणजे कातळाची उघडी पठारं आहेत. कातळावर माती बोटभर, त्यामुळे मोठं झाड धरत नाही. पावसाळ्यात तिथे गवत आणि फुलं: भाद्रपदात तेरडा, सोनकी, सीतेची आसवं. पाऊस थांबला की त्या बोटभर मातीतलं पाणी काही दिवसांत उडतं आणि सगळा सडा सोनेरी होतो. खाली खाडी, कडेने काळे गडगे (दगड रचून केलेले बांध), गडग्याआड हापूसची गर्द हिरवी कलमं आणि मधे हे पिवळंधमक गवत. दुपारी बघाल तर म्हणाल, वाळलेलं गवत आहे, त्यात काय. साडेचारनंतर थांबा. ऊन तिरपं झालं की गवताच्या तुऱ्यांतून आरपार येतं आणि वारा सुटला की अख्खा सडा हलतो. दिराला तिथे उभं करा.

दुसरं, किंजळ. हे झाड बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. पावसाळा सरता सरता त्याला पांढुरका फुलोरा येतो, मग पंखवाली बारीक फळं धरतात. ती आधी गुलाबीसर, मग तांबूस, शेवटी गंजलेल्या लोखंडाच्या रंगाची होतात. झाडभर इतकी की लांबून वाटतं पानंच पिकली आहेत. घाट उतरताना, जंगलाच्या उतारावर असे तांबूस ठिपके दिसले तर बहुधा किंजळच. व्हर्माँटशी बरोबरी करायचीच असेल तर त्या दिवसांत एवढंच आहे हातात. सगळा डोंगर पेटलाय असं काही दिसणार नाही, दिराला आधीच सांगून ठेवा.

तिसरं, आंब्याची पालवी. काही कलमांना पावसाळ्यानंतर नवी फूट येते, ती कोवळी असताना तांबूस-जांभळी असते. बागवाल्याला विचारलंत तर तो या पालवीवर नाराज असेल, कारण पालवी फुटली त्या फांदीला त्या वर्षी मोहोर कमी. आपल्याला छान दिसते हे त्याच्यासमोर फार बोलू नये.

भात बहुतेक कापून झालेलं असेल. खळ्यात झोडणी, पेंढ्याच्या उडव्या, एवढं दिसेल. पिवळी भातं उभी बघायची असतील तर दसऱ्याच्या आगेमागे यावं लागतं, पण तेव्हा परतीचा पाऊस दुपारनंतर विजांसकट गाठतो.

रस्ता: रत्नागिरी, पावस, पूर्णगड, गावखडी, कशेळी, आडिवरे, नाटे, जैतापूर आणि पुढे विजयदुर्ग, देवगड. कशेळीला कनकादित्याचं देऊळ आणि तिथून जवळच देवघळी, म्हणजे कड्यावरून समुद्र. कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला भलामोठा हत्ती आहे, त्याच्या पोटात आणखी प्राणी. ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. चपला काढून कडेकडेने बघा, रेषांवर पाय देऊ नका आणि फोटो उठून यावा म्हणून खडूने रेषा गिरवू तर अजिबात नका.

गाडीवान

सड्यावरचा यांच्या रस्त्याला +१, पण उलटा करा. दक्षिणेकडून उत्तरेकडे या.

सगळे मुंबई-पुणेवाले वरून खाली जातात. म्हणजे समुद्र उजवीकडे, ड्रायव्हरच्या बाजूला. ज्याने रस्त्याकडे बघायचं त्याच्याच खिडकीत समुद्र आणि संध्याकाळी त्याच्याच डोळ्यांत सूर्य. डावीकडे बसलेल्यांना डोंगराची कड. खालून वर आलात तर समुद्र डावीकडे, गाडी समुद्राकडच्या बाजूने चालते आणि फोटोसाठी थांबायला रस्ता ओलांडावा लागत नाही. सासूबाईंना डावी खिडकी द्या, उतरायचीही गरज नाही.

पहिल्या दिवशी पुणे ते कोल्हापूर एवढंच. ज्येष्ठ माणसं आहेत, एका दमात देवगड गाठायचा हट्ट नको. तांबडा-पांढरा ओरपून झोपा. दुसऱ्या दिवशी गगनबावड्याहून घाट उतरून वैभववाडी, तळेरे, देवगड. गगनबावड्याहून करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट उतरतात. कुठला चालू आहे, कुठे काम निघालंय हे कोल्हापुरातच विचारून घ्या. किंजळ दिसायची ती याच उतारावर. तिसऱ्या दिवशी विजयदुर्ग करून जैतापूर, आडिवरे, पावस, मुक्काम रत्नागिरीच्या आसपास. चौथ्या दिवशी आरे-वारेचा रस्ता, गणपतीपुळ्याला न थांबता मालगुंड (केशवसुतांचं गाव, त्यांचं स्मारक आहे), जयगड, तिथे जेटीत गाडी चढवून पलीकडे तवसाळ, मग हेदवी आणि गुहागर. पाचव्या दिवशी धोपावे-दाभोळ जेटी, दापोली किंवा आंजर्ले. सहाव्या दिवशी केळशीवरून वेसवी-बागमांडला जेटी, म्हसळा, माणगाव, ताम्हिणी, घर.

लेकीला तीन जेट्या मिळतात: शास्त्री नदीच्या मुखाशी, वाशिष्ठीच्या आणि सावित्रीच्या. धोपावे-दाभोळ पंधरा मिनिटांचंसुद्धा काम नाही, तेच रस्त्याने चिपळूण-खेडवरून फिरून गेलात तर शंभराहून जास्त किलोमीटर पडतात. ओहोटीला धक्क्याचा उतार वाढतो, भरलेल्या गाडीचा पुढचा बंपर घासू शकतो. माणसं आधी उतरवा, गाडी तिरकी घालू नका, जेटीवरचा खलाशी हात करेल तेच ऐका. घरातल्या चार जणांच्या सूचना तेव्हा काच बंद करून ऐकू येणार नाहीत अशी सोय करा. शेवटची फेरी किती वाजता हे आदल्या दिवशी विचारून ठेवा, सणासुदीला रांग असते.

रानवाट

सगळ्यांचं वाचलं. माझं मत थोडं वाकडं आहे: पानांचे रंग हवेत तर दिवाळीत जाऊ नका, शिमग्याला जा.

व्हर्माँटला थंडी पडते, दिवस लहान होतो, झाड पानातलं हरितद्रव्य मोडून परत आत घेतं. मग आत दडलेला पिवळा रंग उघडा पडतो आणि मेपलसारखी झाडं त्याच दिवसांत पानात लाल रंगद्रव्य नव्याने तयार करतात. आपल्याकडे थंडीचा संबंध नाही. इथली पानगळ पाण्याच्या टंचाईने होते, म्हणून ती थंडीच्या शेवटी आणि उन्हाळ्याच्या तोंडावर. आणि जाणारं पान फारसं रंगत नाही, बहुतेक झाडांचं नुसतं पिवळट होऊन गळतं. रंगतं ते येणारं पान.

कुसुंब बघा. काही जण कोशिंब म्हणतात. फाल्गुनात जुनी पानं झडली की नवी पालवी येते ती सरळ लाल. सुरुवातीला पानं इतकी मऊ असतात की ओल्या फडक्यासारखी खाली लोंबतात. मग लाल, तांबडं, पोपटी करत हिरवी होतात. एकाच रानात तीन झाडं तीन टप्प्यांवर असतात. हा लाल रंग मेपलचाच: अँथोसायनिन. तिकडे तो निरोप घेणाऱ्या पानात, इकडे नुकत्याच जन्मलेल्या पानात, जिथे हरितद्रव्य पुरतं भरलेलं नसतं आणि कडक ऊन सोसायचं असतं. दिराला हे सांगा, फोटो दाखवणं आपोआप थांबेल.

त्याच सुमारास पळस, पांगारा, काटेसावर. पिंपळाची पालवीही तांब्याच्या रंगाची. कुंभार्ली किंवा आंबा घाट तेव्हा उतरावा. खाली ओले काजूगर आलेले असतात, वेळास-आंजर्ल्याला कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, गावोगाव पालखी नाचत असते. सडे मात्र तोवर वणव्यांनी काळे पडलेले असतात. सोनेरी गवत आणि लाल पालवी एका फेरीत मिळत नाही.

अळूवडी

बापरे, एवढं सविस्तर! सगळ्यांचे आभार. शिमग्याला दीर इथे नसेल, लेकीची परीक्षाही तेव्हाच. त्यामुळे यंदा सडे. रानवाट, तुमचा प्रतिसाद सासऱ्यांना वाचून दाखवला. "कुसुंबाच्या झाडाखाली आम्ही शाळेच्या वाटेवर थांबायचो, फळं आंबट-गोड लागतात," असं म्हणाले आणि तासभर गोष्टी सांगत बसले.

दोन शंका. सहा दिवस रोज नवा मुक्काम सासूबाईंना झेपेल का? आणि एखादं रंगीत पान तरी दाखवता येईल का? दीर "पण गवतच ना?" म्हणून बसलाय.

गुहागरी

रोज बॅगा उघडायच्या-बांधायच्या नकोत. कोल्हापूर एक रात्र, रत्नागिरी-पावस भागात दोन, गुहागरला दोन, असं करा. देवगडला मुक्काम न करता जेवून, विजयदुर्ग बघून वर सरका. किल्ल्यात चढउतार आहे, सासूबाईंना बाहेर बसवा आणि बाकीच्यांनी आत जा. गुहागरहून दाभोळची जेटी नुसती मजेसाठी करून परत या आणि शेवटच्या दिवशी चिपळूण, कुंभार्ली, कऱ्हाडवरून पुणं गाठा. वेसवीची जेटी सुटेल, लेकीची समजूत काढा.

घरगुती ठिकाणी फोनवर 'कमोड आहे का' एवढंच विचारू नका, खोली तळमजल्यावर आहे का आणि न्हाणीघराला पायरी किती उंच आहे तेही विचारा. हल्ली कमोड सगळीकडे झालेत, पण पायऱ्या जुन्याच आहेत. जेवण आधी सांगून ठेवा. आयत्या वेळी गेलात तर वरण-भातच मिळेल, सांगितलंत तर मोदक, घावणे, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, काय म्हणाल ते.

रंगीत पानाचं म्हणाल तर देशी बदाम. किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावात शाळेपाशी, देवळापाशी, बंदरावर असतोच. गळायच्या आधी त्याचं पान खरोखर लाल होतं, शेंदरी ते किरमिजी. पूर्ण बहर थंडीत, पण झाडाखाली चार लाल पानं बाराही महिने सापडतात. हाताच्या पंजापेक्षा मोठं पान असतं. मेपल त्यापुढे चिल्लर.

सड्यावरचा

बदामाचं बरोबर, मला सुचायला हवं होतं. आणखी एक: सडा मोकळा दिसला म्हणून गाडी आत घालू नका. जमीन कुणाची ना कुणाची असते, गवत गुरांसाठी राखलेलं असतं. आणि सिगारेट पिणारं कुणी असेल तर तिथे नको, एका ठिणगीत डोंगर जातो.

अळूवडी

ठरलं. गुहागरी यांचा आराखडा, गाडीवान यांची दिशा. फक्त सासऱ्यांच्या आग्रहाखातर राजापूरला धूतपापेश्वर आणि त्यांच्या आतेबहिणीकडे दुपारचं जेवण वाढलंय. संध्याकाळपर्यंत पावसला पोचू ना तिथून?

गाडीवान

आतेबहिणीकडून चारच्या आत निघालात तर पोचाल, पण ते चहाशिवाय सोडणार नाहीत हे गृहीत धरा. अंधार पडल्यावर आडिवरे-पावस रस्त्याने येऊ नका. दिवे नाहीत, वळणं आंधळी आणि दिवसभर तापलेल्या डांबरावर गुरं बसलेली असतात, काळी म्हैस तर पाच फुटांवर येईपर्यंत दिसत नाही. चिऱ्याचे ट्रकही पावसाळ्यानंतर सुरू होतात. उशीर झालाच तर राजापूरहून सरळ हायवे धरा, हातखंब्यापाशी रत्नागिरीकडे वळा आणि सडा दुसऱ्या दिवशी बघा. पेट्रोल राजापुरातच भरून घ्या, आतल्या रस्त्याला पंप लांब लांब आहेत.