वर्गातला पडदा आणि आपले शिकवणे : आपापले अनुभव लिहा

नाशिक जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळांत लोकवर्गणीतून आलेला टीव्ही किंवा प्रोजेक्टर आता नवलाचा राहिलेला नाही. २०१७ पासून ‘दीक्षा’ हे धडे-चित्रफितींचे सरकारी ॲप आहे, बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आहेत. मात्र मुलांना मजा आली की नाही, एवढ्यावरच आपले बोलणे थांबते. आपले स्वतःचे शिकवणे त्यामुळे सुधारले का, हे एखाद्या तासाचा दाखला देऊन लिहावे, अशी विनंती आहे. सुरुवात मी करते.

माझ्याकडे निफाड तालुक्यातल्या शाळेत तिसरीचा वर्ग आहे. वजाबाकीसाठी मी चित्रफीत लावली. ४२ मधून १७ वजा करताना पडद्यावर दशकाचा गठ्ठा क्षणात सुटला आणि दहा काड्या एककाच्या घरात जाऊन बसल्या. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पाटीवर मात्र अर्ध्या वर्गाने ३५ लिहिले, म्हणजे सातातूनच दोन वजा केले. दुसऱ्या दिवशी तीच चित्रफीत गठ्ठा सुटण्याआधी थांबवली आणि एका मुलाला खऱ्या गठ्ठ्याचे रबर काढायला लावले. त्याने दहा काड्या मोजल्या, आधीच्या दोन त्यांत मिसळल्या, “बाई, बारा झाल्या” म्हणाला, आणि मगच आम्ही पुढचे पाहिले. चित्रफीत कुठे थांबवायची, हे मला आदल्या रात्रीच ठरवावे लागते.

सुरगाणा तालुका, द्विशिक्षकी शाळा :
चार इयत्ता आणि आम्ही दोघे. एका इयत्तेला टॅब देऊन दुसरीला शिकवता येते, हा आमच्यासाठी फार मोठा आधार आहे आणि तो कोणी कमी लेखू नये. पण एका मुलीला स्वाध्यायात रोज दहापैकी दहा गुण पडत होते, म्हणून मी निर्धास्त राहिलो. एकदा तिच्या शेजारी बसलो, तेव्हा दिसले की पर्याय हिरवा होईपर्यंत ती एकेक दाबत जात होती; प्रश्न ती वाचतच नव्हती. तेव्हापासून टॅबवरचे तीन प्रश्न मी रोज तोंडी विचारतो.

पेठ तालुका :
रेंज नसते. शनिवारी नाशिकला गेलो की आठवड्याचे धडे मोबाईलमध्ये उतरवून घेतो. त्यामुळे पाठाचे नियोजन आपोआप आधी होऊ लागले, हा फायदा मी मान्य करतो.

सिन्नर तालुका :
तोच मोबाईल माझा वेळही खातो. हजेरी, पोषण आहार, उपक्रमांचे फोटो हे सगळे भरताना पहिलीची मुले माझ्या तोंडाकडे बघत बसतात. साधनांचे मोल ठरवताना हा वेळही हिशेबात धरावा, असे मला कळकळीने वाटते.

पंचवटी, चौथीचा वर्ग :
माझ्या वर्गात मोठा स्पर्शपडदा आहे, तरी मला सर्वांत उपयोगी पडला तो मोबाईलमधला ध्वनिमुद्रक. एक तास मुद्रित करून घरी ऐकला. प्रश्न विचारून मी क्षणभरही थांबत नव्हते. उत्तर स्वतःच देऊन मोकळी होत होते. वीस वर्षांच्या नोकरीत हे मला कोणी सांगितले नव्हते. आता प्रश्न विचारल्यावर मनात पाचपर्यंत अंक मोजते. गेल्या आठवड्यात, खिडकीजवळ बसणाऱ्या आणि वर्षभर गप्प असलेल्या मुलाने चार म्हणेपर्यंत हात वर केला.